रूपाचं ‘न्हाय’

खारबावच्या रूपाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. बाई मनाने चांगली, अडल्यानडल्याला धावून जाणारी. पण एकदा तोंड सुटलं की समोरच्याने मुकाट ऐकून घ्यावं, यातच त्याचं भलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने समजावलं होतं, “बाईच्या जातीने हलू बोलावं.” रूपा म्हणाली, “मग आयकू कसं येनार?” त्या दिवसापासून सासूने हा विषय काढला नाही.

हाच आवाज पुढे कामाला आला. भिवंडीतल्या एका कापडाच्या गोडाऊनमध्ये ती पॅकिंगच्या टेबलावर लागली होती. दिवसभर उभं राहून ताक्यांना प्लॅस्टिक गुंडाळायचं, टेप मारायची आणि सुजलेले पाय घेऊन घरी जायचं. गोडाऊनची एक भिंत शेजारच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्याला लागून. लूम सुरू झाले की इकडे कानाशी येऊन ओरडलं तरी कळायची मारामार. त्यात फोर्कलिफ्टचा भोंगा आणि शटरचा खडखडाट. डिस्पॅचला बसणारा माणूस या गोंगाटाला विटून एक दिवस आलाच नाही. गाड्या खोळंबल्या, फोन वाजत राहिला, शेवटी रूपाने उचलला. ड्रायव्हरांना तिचं बोलणं पोचलं. दुसऱ्या दिवशीही तिनेच उचलला, आणि बघता बघता ती डिस्पॅचवाली झाली.

कोणती गाडी कधी लावायची, कधी काढायची, सगळं तिच्या तोंडावर चालायला लागलं. बसायला खुर्ची मिळाली, डोक्यावर पंखा मिळाला. आणि मुख्य म्हणजे, जन्मभर ज्या आवाजावरून बोलणी खाल्ली, त्याच आवाजासाठी माणसं तिला शोधत यायला लागली. ती खुर्ची तिला का एवढी प्यारी होती, ते आता सांगायला नको.

मालकाचा पुतण्या मितेश गोडाऊन बघतो. भिवंडीतच वाढलेला, मराठी झकास बोलतो, माणूस वाईट नाही. फक्त नवीन वस्तू दिसली की त्याला राहवत नाही. रूपा खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन दाबून हातांनी माल मोजते, हे बघून त्याने तिच्यासाठी बिनवायरचे, शेंगदाण्याएवढे दोन हेडफोन आणले. “घाला, रूपाताई. लूम आहेत की नाहीत तेच विसराल.” आणि खरंच! कानात घातल्याबरोबर लूम गायब. रूपा इतकी खूश झाली की दोन दिवस मितेशवर एकदाही खेकसली नाही.

मग तो शुक्रवार आला. ड्रायव्हर जीवनची गाडी मागून धक्क्याला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला, लागली होती. जीवन पुढे केबिनमध्ये, त्याला मागचं काही दिसत नाही. लडकूदादा, म्हणजे तिथला सगळ्यात जुना हमाल, डोक्यावर गठ्ठा घेऊन चढत होता. एक पाय धक्क्यावर, एक गाडीत. तेवढ्यात जीवनचा फोन आला, “ताई, झालं का? काढू?”

“झालं न्हाय!” रूपा ओरडली.

आणि गाडी हलली.

लडकूदादा गठ्ठ्यासकट मधल्या फटीत गेला. गठ्ठा आधी पडला आणि माणूस त्यावर, म्हणून निभावलं. गुडघा सोलवटला, पाय मुरगळला. जीव वाचला, हो, पण तो गठ्ठ्याच्या कृपेने, कोणाच्या हुशारीने नव्हे. जीवन पांढराफटक होऊन पळत आला. “ताई, तुम्हीच बोललात ना, झालं हाय म्हणून?”

“मी न्हाय बोलले!”

“हाय बोललात, ताई. आईशप्पथ.”

आता जीवन खोटं बोलणारा नाही, आणि रूपा तर नाहीच नाही. मग चूक कोणाची? मितेशला विचार करायला एवढासुद्धा वेळ लागला नाही. सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, “ताई, ही तुमची गावठी भाषा! हाय काय, न्हाय काय, फोनवर कोणाच्या बापाला कळणार?” दुपारपर्यंत तिच्या खुर्चीच्या वर भिंतीवर कागद चिकटला. फोनवर शुद्ध मराठी किंवा हिंदीतच बोलावे, गावठी बोलू नये. आणि तोंडी निरोप मिळाला की सोमवारपासून रूपाताई परत पॅकिंगला.

बघा म्हणजे! ज्यांच्या खाचरांवर ही गोडाऊनं उभी राहिली, त्यांनी तिथे बसून कोणत्या तोंडाने बोलायचं, याचा हुकूम भिंतीवर! रूपाचं डोकं असं सटकलं की तिला शब्दच सुचेनात, आणि हे तिच्या बाबतीत पहिल्यांदा घडलं. पण त्या कागदाहून एक गोष्ट तिला जास्त लागली होती. लडकूदादाला रिक्षात घातलं तेव्हा त्याने तिच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं. तोही मलाच दोष देतो की काय, या विचाराने तिची भूकच मेली.

निघण्याआधी तिने तिथूनच घरी फोन लावला, कानात तेच दोन शेंगदाणे. जाऊ मेघालीला म्हणाली, “माझी वाट बघू नको. मी आज जेवनार न्हाय.” घरी पोचली तर ताट वाढलेलं, वर सुकटीची चटणी.

“तुला बोलले ना, जेवनार न्हाय!”

“कधी? तू तर बोललीस, जेवनार हाय.”

रूपा उंबऱ्यातच उभी राहिली. मेघाली तिची सख्खी जाऊ. एकाच विहिरीचं पाणी, एकच बोली, रोज उठून एकमेकींशी भांडणाऱ्या. तिलासुद्धा ‘न्हाय’चं ‘हाय’ ऐकू आलं? म्हणजे खोट माझ्या तोंडात नाही. माझ्या तोंडातून निघतं न्हाय, आणि हे मेले शेंगदाणे मधल्यामध्ये त्याची शेंडी कापून पुढे हाय पाठवतात! ती खाली बसली आणि ते सगळं ताट जेवली. वर आणखी भात मागून घेतला.

शनिवारी तिने मितेशला हे सांगितलं. तो म्हणाला, “मी दुकानात घालून बघितलेत, ताई. एकदम क्लिअर आहेत. आणि समजा तसं असेल, तर तुम्ही नाही म्हणा ना सरळ. काय बिघडतं?”

“दुकानात लूम होते का?” रूपाने विचारलं. “आनि बिघडतं ते असं, की धक्क्यावर मानूस पडताना तोंडातून आईचाच शब्द येतो. तेव्हा मी शुद्ध शोधत बसू? कानाला लावायचं दुसरं मी आनते. सोमवारी तपासा. मग कोनाला कुठं बसवायचं ते बोला.”

तिथून ती तडक बाजारात गेली. शकीलभाई मोमीन यांचं मोबाईलचं दुकान ज्या गल्लीत आहे, तिथे दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. शकीलभाईंनी चकचकीत डब्या मांडल्या. “ये लो भाभी, टॉप का माल. शोर बिलकुल बंद.”

“शोर मेरे कान में बंद ना? सामनेवाले के कान में क्या जाता है?”

शकीलभाईंनी हातातली डबी खाली ठेवली. त्यांच्या भावाचेच लूम होते, गोष्ट त्यांना लगेच उमगली. म्हणाले, “वो अलग चीज है. कान का शोर रोकनेवाला अलग, माइक का अलग. डब्बे पे दोनों का नाम एकही लिखते हैं, इसलिये लोग फसते हैं.”

“मग माइकवालं दाखवा. पन इथं न्हाय. त्या लूमच्या दारात.”

झालं. रूपा लूमच्या दारात उभी, खारबावला मेघाली फोनवर. अट एकच. रूपा हाय किंवा न्हाय म्हणणार, मेघालीने ऐकू आलं ते सांगायचं. अंदाजपंचे सांगायचं नाही, नाहीतर घरी आल्यावर बघून घेईन.

पहिले पुन्हा शेंगदाणेच, दुसऱ्या कंपनीचे. तीच रड. मग गळ्यात घालायचा पट्टा आला. त्याचा माइक छातीशी लोंबत होता आणि पदराला घासत होता. मेघाली म्हणाली, “तू काय सूप पाखडतेस का? नुसतं खसखस येतंय.” मग दोन्ही कान झाकणारा भलाथोरला आला. बोलणं छान पोचलं, पण मागून हातगाडीवाला बोंबलत आला तो तिला ऐकूच आला नाही. “मरना है क्या, बाई!” रूपाने तो काढून शकीलभाईंच्या हातात दिला. धक्क्यावर फोर्कलिफ्टचा भोंगा ऐकायला एक कान उघडा लागतो. दोन्ही झाकले तर उद्या तीच फटीत.

शेवटी शकीलभाईंनी खालच्या खणातून एक काढला. एकाच कानाचा, डोक्यावरून पट्टी, आणि गालावरून ओठापर्यंत आलेली माइकची दांडी. “दिखने में अच्छा नहीं, इसलिये पडा है. ट्रान्सपोर्टवाले लेते हैं.” रूपाने दांडी तोंडासमोर धरली तर मेघालीला फू फू ऐकू गेलं. शकीलभाईंनी ती ओठाच्या कोपऱ्याशी सरकवली. “अब बोलो.”

“न्हाय!”

“न्हाय!” मेघाली तिकडून ओरडली.

“हाय!”

“हाय!”

“न्हाय, न्हाय, न्हाय!”

“अगं बाय, कलालं! तीनदा न्हाय!”

लूमवरचा एक कारीगर बाहेर डोकावला. “क्या नहीं, भाभी? किसको मना कर रही हो?” रूपा मोठ्याने हसली. बटण जाड होतं, पॅकिंगचे हातमोजे घालूनही दाबता येणार होतं. कानात खुपसायचं नसल्याने रुईची धूळही अडकणार नव्हती. चार्जिंग पूर्ण ड्युटी पुरेल, अशी हमी शकीलभाईंनी दिली. म्हणाले, “पहले इस्तेमाल करके देखो, पसंद आया तो बिल करेंगे.”

सोमवारी मितेश बाहेर यार्डात जाऊन उभा राहिला आणि फोनवर ऐकत राहिला. लूम सुरू, फोर्कलिफ्ट सुरू. एकही हाय चुकलं नाही, एकही न्हाय चुकलं नाही. तो आत आला आणि मोकळेपणाने म्हणाला, “मानलं, ताई. हाच घेऊ. बसा तुमच्या जागेवर.”

रूपाने भिंतीकडे बोट केलं. “आनि ते?”

“ते राहू दे ना. चांगलंच आहे, शिस्त राहते.”

रूपाने डोक्यावरचा हेडसेट काढून टेबलावर ठेवला. खुर्ची समोर होती. एक शब्द गिळला की खुर्ची तिची. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. म्हणाली, “त्या कागदाखाली मी बसनार न्हाय. माझी पोरं, माझी सासू, मेलेली आई, सगल्यांचं बोलनं चूक, असं मानून खुर्चीवर बसायचं? त्यापेक्षा टेप मारीन.” आणि ती खरोखर पॅकिंगकडे चालू लागली.

मितेशचाही पारा चढला. “ठीक आहे! मी सांभाळतो फोन. लडकूदादा, चला, जीवनची गाडी भरायला घ्या.”

लडकूदादा त्याच दिवशी कामावर परतला होता, गुडघ्याला पट्टी. तो लंगडत धक्क्यापर्यंत गेला, आणि तिथेच बसला.

“काय झालं? दुखतंय का?” मितेशने विचारलं.

“दुखतंय. पन म्हनून न्हाय बसलो.” लडकूदादा म्हातारा माणूस, एरवी त्याचा आवाज कोणी ऐकलेला नाही. “शेट, त्या दिवशी मी गाडीत चढत होतो. मी आयकलं, माझ्या कानानं. रूपा न्हायच बोलली. पडल्यावर शुद्ध नव्हती मना, आनि नंतर कोनी विचारलंच न्हाय. तुम्ही कागद लावला तो मी आज बघतोय.”

मितेशने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. लडकूदादा पुढे म्हणाला,

“गाडी हलली तर पाय माझा जानार. तवा कोनाच्या आवाजावर गाडीत चढायचं, ते मी ठरवीन. ती बसंल फोनवर, तर मी चढीन.”

त्याच्या शेजारी दुसरा हमाल अनंता बसला, मग तिसरा, विठू बसला. केबिनमधून जीवन उतरला आणि चावी मुठीत घेऊन त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. पलीकडे लूम चालूच होते, पण या बाजूला कोणी हललं नाही.

मितेशने सगळ्यांकडे पाहिलं. मग तो खुर्चीवर चढला, कागद नखाने सोलून काढला आणि खिशात घातला. “ताई,” तो खाली उतरत म्हणाला, “माझं चुकलं. या.”

रूपा आली. लडकूदादापाशी थांबली. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग हेडसेट चढवला, दांडी ओठाच्या कोपऱ्याशी आणली, आणि सगळ्या गोडाऊनला ऐकू जाईल अशी ओरडली, “बसलेत कशाला सगले? उठा, भरा गाडी!”