पोट गळालेली अक्षरं

पारनेरमध्ये माझं फ्लेक्स-बोर्डाचं दुकान आहे. गावातल्या निम्म्या पाट्या माझ्या हातच्या. पण बायकोच्या नव्या मसाला कांडपाची पाटी मी 'आज करतो, उद्या करतो' म्हणत महिनाभर लांबवली. गिऱ्हाइकांना नाही म्हणता येत नाही, घरच्या माणसाला मात्र सहज थांबवता येतं. माझी ही खोड मला टोचते, तरी सुटत नाही.

उद्घाटन दुसऱ्या दिवसावर आलं तेव्हा मी अपराधी मनानं ठरवलं, फ्लेक्स नको, हिला लोखंडी पाटी द्यायची. जुन्या कारखान्यांच्या बॉयलरवर असायची तशी जाड, ठोकळेबाज अक्षरं मी संगणकावर काढली. पत्र्यात अक्षरं आरपार कापायची, मागं बल्ब लावायचा. एसटी स्टँडवरूनही वाचता आली पाहिजेत.

नगरच्या एमआयडीसीत ती कापून घेतली. मशीन थांबलं, कामगारानं पत्रा उचलला, आणि खालून खळखळ तुकडे पडले.

"साहेब, हे काय पडलं?"

मी वाकून पाहिलं. अक्षरांच्या आतली, रेषांनी वेढलेली पोटं गळून पडली होती. 'म'चं पोट, 'स'चं पोट, 'प'चं पोट. पडद्यावर ती छान जागच्या जागी दिसत होती. पत्र्यात त्यांना धरायला काहीच नव्हतं. 'मसाला कांडप' ऐवजी चौकोनी भोकांची रांग उरली होती.

तुकडे पिशवीत घालून मी पाटी घरी आणली. बायको मिरच्या निवडत होती. तिनं पाटी बघितली, मग मला.

"अहो, हे कुणाला वाचता येईल?"

"माझंच चुकलं. मी आत्ता फ्लेक्स छापतो."

"थांबा. तुमचं चुकलं ते नेहमीचंच हाय. पिशवीत काय हाय?"

तिनं तुकडे ओट्यावर ओतले, एकेक भोकात बसवून पाहिले आणि हसायलाच लागली.

"तिसगावला आमच्या आबांच्या आडतीवर पोत्यांवर अक्षरं कापलेला पत्रा धरून शिक्का मारायचे. त्यातल्या अक्षरांना मधे बारीक पट्ट्या असायच्या, पोटं धरून ठेवायला. तुमी एवढं शिकलात, पट्ट्या इसरलात?"

आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. कुठला तुकडा कुठं हे तीच सांगत होती. 'क'चं पोट उलटं धरलं म्हणून मला दटावलं, वेल्डिंगवाला चष्म्याआडून हसला. पट्ट्या बसल्यावर ती अक्षरं माझ्या चित्रापेक्षाही करारी दिसायला लागली.

सकाळी पाटी चढली. नारळ फुटला, कांडपाच्या डंक्याचे दणके सुरू झाले, आणि मिरचीनं पाहुण्यांना शिंकांनी हैराण केलं. मी शिडी धरून उभा होतो. बायको रस्ता ओलांडून पार स्टँडच्या फाटकाशी गेली आणि तिथून दोन्ही हात हलवत ओरडली,

"अहो, दिसतंय! सगळं दिसतंय!"

तिच्या शेजारी मिरच्यांचं बोचकं घेतलेली एक बाई पाटी वाचत रस्ता ओलांडायला निघालीसुद्धा होती.