विनातिकीट तूर

एसटीची कंडक्टरकी संपली आणि भगवंतराव देऊळघाटच्या घरात भिंतीला पाठ लावून बसले. पहाटे चारला उठायचे, आंघोळ करून तयार व्हायचे, मग आपल्याला कुठलीच गाडी धरायची नाही हे आठवून परत भिंतीशी. तीस वर्षं "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून घसा फोडणारा माणूस दिवसाला चार शब्द बोलेना. जनकाबाईंना त्या गप्प बसण्याचीच धास्ती वाटायची. रात्री मध्येच उठून नवऱ्याचा श्वास चालू आहे ना, ते बघून यायच्या.

म्हणून सहा महिन्यांनी भगवंतरावांनी दीड एकरात चंदन आणि सीताफळ लावायचं काढलं, तेव्हा जनकाबाई वरून चिडल्या, आतून सुखावल्या.

"चंदन किती वर्षांनी तोडाले येते?"

"पंधरा."

"मंजे तुमी पंच्याहत्तरचे. इकाले जासान, का तुमच्याच कामी येईन ते?"

"तुह्यासाठी बी एखादं खोड राखून ठेवतो."

"मले बाभूळ पुरे. तुमी जा चंदनावर."

निवृत्तीची पुंजी खड्डे, ठिबक आणि तारेच्या कुंपणात गेली. सीताफळ चार वर्षांत फळावर येऊन दोघांना पोसणार आणि चंदन अकोल्याला शिकणाऱ्या निशिगंधाला, म्हणजे लेकीला, असा सगळा हिशेब. झाडं दोन-दोनच्या जोडीनं लावली, मधून जायला वाट. ज्यानं ज्यानं बघितलं तो म्हणाला, ही तर गाडी झाली! वर प्रत्येक चंदनाला पत्र्याचा नंबर. रोज सकाळी भगवंतराव वाटेतून फिरायचे, "सत्तावीस नंबर, सरळ बसा" म्हणून रोपाला काठी द्यायचे. घरी येऊन ताटावर बसले की बोलायचे, बोलतच राहायचे. जनकाबाई ऐकायच्या निम्मं, पण कान सुखावायचे पुरे.

पुढच्या जानेवारीत हिवरा आश्रमला यात्रेच्या पंगतीत वाढायला म्हणून निघाले आणि गाडी पुरती थांबायच्या आत उतरले. तीस वर्षं ज्या एका गोष्टीवरून लोकांना शिव्या घातल्या, नेमकी तीच केली. घोटा मोडला, पायाला प्लास्टर. पुन्हा भिंत.

शेत जनकाबाईंकडे आलं. प्रत्येक चंदनाच्या बुडाशी दोन-दोन तुरी उभ्या होत्या, शेंगा वाळलेल्या. आता वऱ्हाडातली कोणती बाई शेंगा तोडून तुराटी शेतात तशीच उभी ठेवेल? चुलीला लागते, कुडाला लागते, खराट्याला लागते. दोन बाया सोबत घेऊन त्यांनी सगळी तूर मुळासकट उपटली, शेत अंगणासारखं लख्ख केलं आणि कौतुकानं भारे घरी आणले.

महिन्याभरात चंदन पिवळं पडू लागलं. सीताफळ मजेत, चंदन तेवढं माना टाकलेलं. जनकाबाईंनी पाणी वाढवलं, शेणखत घातलं, नजर लागली म्हणून मीठमोहऱ्याही ओवाळल्या. घरी भगवंतराव रोज विचारायचे, "सगळे प्रवाशी बरे हायेत ना?" आणि त्या रोज म्हणायच्या, "हाव, बरे हायेत." खरं सांगितलं आणि हा माणूस कायमचा गप्प झाला तर?

मार्चमध्ये चंद्रशेखर, भगवंतरावांचा चुलतभाऊ, शेतात आला.

"वहिनी, दादाचा पाय आता काई शेतात चालत नाई. दीड एकर मले वर्साच्या पैशावर ठोक्यानं द्या, सोयाबीन घेतो. झाडं तं चाललीच."

"मिरगाले सांगते, भाऊजी."

"पन तूर कुठं गेली वो?"

"उपटली."

"अवो काऊन? दादा तं चाहाच्या टपरीवर सांगत होते, चंदनाले सोताच्या मुळानं पोट भरता येत नाई, तुरीच्या मुळातून पेते म्हनून. दाईच हाय ते त्याची!"

जनकाबाई बांधावर बसल्या. संध्याकाळी घरी आल्या त्या थेट खाटेजवळ.

"आयकलं का? तुमच्या गाडीतले लोकं मी उतरोले."

"कोनते लोकं?"

"तुरी. दोन-दोन उभ्या होत्या, ना नंबर ना काई. मले वाटलं इनातिकीट हायेत. झाडं सुकून राह्यली, अन् मी तुमाले खोटं सांगत गेली."

भगवंतराव भिंतीकडे बघत राहिले.

"मी तुले सांगतलं नोतं?" अखेर ते म्हणाले.

"कवा?"

त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं. टपरीवाला, चंद्रशेखर, न्हावी, पोस्टमन, दवाखान्यातली नर्स. पाचही बोटं संपली, बायको कुठल्याच बोटावर नव्हती.

"मंजे साऱ्या गावाले तिकीट देल्लं, अन् मीच राह्यली," जनकाबाई म्हणाल्या.

भगवंतराव मान खाली घालून हसले. मग म्हणाले, "तुरीचं बी हाय का घरात?"

दुसऱ्या दिवशी जनकाबाईंनी स्वतःच्या हातानं प्रत्येक चंदनाशी चार-चार दाणे टोकले. उन्हाळाभर ठिबकचं पाणी एक दिवसही चुकू दिलं नाही. तूर गुडघ्याला आली. अकरा चंदनं गेली ती गेलीच.

मृगाला चंद्रशेखर कबूल केल्याप्रमाणे कुंपणापाशी येऊन उभा राहिला. जनकाबाई सत्तावीस नंबरजवळ वाकल्या होत्या. नखानं साल खरवडली, आत हिरवं. टोकाला करंगळीच्या नखाएवढं, तांबूस, नवं पान. बाजूच्या जोडीदारालाही.

"मंग वहिनी, काय ठरलं?"

वाटेच्या पार टोकाला, पाण्याच्या मोटारीपाशी, भगवंतराव काठी टेकत उभे होते. जनकाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं आणि आवाज चढवला.

"गाडी फुल्ल हाय, भाऊजी. मांगच्या गाडीनं या."

तिकडून भगवंतरावांनी काठी उचलली आणि मोटारीच्या लोखंडी पेटीवर दोनदा हाणली, डबल बेल दिल्यासारखी.