एकशे बारावं पान

रुमानियातल्या ऑर्शोव्हा गावात वनखात्याच्या कचेरीत व्हेतुरिया टोडेरिच बावीस वर्षं टाइपिस्ट होती. तिला कुणी लेखिका म्हटलं असतं तर तिनं कानावर हात ठेवले असते. पण चार हिवाळे खपून तिनं एक कादंबरी लिहिली होती, आणि ती फक्त एकाच माणसाला माहीत होती. ते माणूस म्हणजे तिची थोरली बहीण, सबिना.

व्हेतुरियाची एक खोड होती. खरी नावं घातल्याशिवाय तिच्या हातून माणूस उभाच राहत नसे. पहिल्या खर्ड्यात खरी नावं, मग वर्षभर कागदांना हात लावायचा नाही, मग पुन्हा बसायचं आणि सगळ्यात आधी नावं बदलायची, असा तिचा हिशोब. सबिनाचं नाव एकतीस ठिकाणी होतं. त्यातलं एकच ठिकाण जीवघेणं. तिमिशवारा शहरातला एक दातांचा डॉक्टर सरकारची नजर चुकवून डॅन्यूब नदी पोहून पलीकडे युगोस्लाव्हियात पळाला, तेव्हा थंडी बाधू नये म्हणून त्याच्या अंगाला बदकाची चरबी चोळून पाण्यात उतरायची जागा दाखवली ती सबिनानं. ते लिहिलं होतं अगदी जसंच्या तसं. हे कागद कुणाच्या हाती लागले असते तर सबिनाची रवानगी थेट तुरुंगात झाली असती. इतकी अक्कल असलेली बाई वर्षभर ते नाव तसंच कसं ठेवते, असं तुम्ही विचाराल. काय सांगायचं! आपल्या तळघरात कोण येतंय, असं प्रत्येकालाच वाटत असतं.

पंच्याऐंशीच्या जानेवारीत वर्ष पुरं झालं. रविवारी सकाळी तिनं टेबल पुसलं, दोन पेन्सिलींना टोक केलं, खोडरबर शोधला. दुरुस्तीसाठी कागदाच्या डाव्या बाजूला चार बोटं मोकळी जागा आणि ओळींमध्ये ऐसपैस अंतर तिनं टाइप करतानाच सोडलं होतं. मग ती तळघरात उतरली आणि बटाट्यांच्या पेटीच्या तळातून मेणकापडाचं बासन काढलं. बासनाला काळा दोरा होता; वर्षापूर्वी गाठ डावीकडे ठेवली होती. तिनंच बांधली होती.

गाठ उजवीकडे होती.

आपणच विसरलो असू, असं ती स्वतःला म्हणाली. आतली पानं एकावर एक नीट, कडा जुळवलेल्या. मग तिला एकशे बारावं पान आठवलं. बांधताना ते चुकून उलटं, डोकं खाली करून गेलं होतं. पुन्हा कोण सोडतंय म्हणून तिनं ते तसंच ठेवलं होतं. तिनं पानं उलटली. एकशे बारावं पान सुलटं होतं. वाचणारा टापटिपीचा होता मेला! उलटं पान बघून त्याला राहवलं नव्हतं.

डॉक्टरचा प्रसंग एकशे दहा ते एकशे तेरा होता.

पेन्सिल घेऊन सगळी नावं आत्ताच्या आत्ता खोडावीत, की सगळंच चुलीत घालावं? तिनं पेन्सिल उचललीसुद्धा. पण आधी ताईला सांगायला हवं, म्हणून कोट चढवून ती नदीकाठच्या घरी धावली.

सबिना मक्याचं पीठ घोटत होती. धाकटीचा चेहरा बघून, बोलणं कुणाच्या कानी पडू नये म्हणून तिनं नळ सोडला, रेडिओ मोठा केला आणि दार लावून घेतलं.

"पानं खोडलीस का?" तिनं पहिला प्रश्न हाच विचारला.

"ताई, तुला कसं–"

"खोडलीस का, व्हेता? नीट सांग."

"नाही. तशीच आहेत."

सबिनानं हात जोडले. "सुटलो रे देवा! ऑक्टोबरात गुप्त पोलिसांनी बोलावलं होतं मला. फोटो काढलेत पानांचे. साहेबानं चरबीचा प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवला. चांगला वाचतो गं."

"आणि तू?"

"हसले. म्हटलं, साहेब, ही कादंबरी आहे. माझ्या बहिणीच्या डोक्यात लहानपणापासून किडा आहे, सगळीकडे मलाच घालते. चाळिसाव्या पानावर मी पाद्र्याच्या थोबाडीत मारते, तो पाद्री तर माझ्या जन्माआधीच मेला. विचारा गावात कुणालाही."

"मानलं त्यानं?"

"म्हणाला, बघू या. खोटं असेल तर बाई नाव कशाला बदलेल? बदललं, की खरं होतं असं समजू." सबिनानं पातेलं चुलीवरून उतरवलं. "कुणाला सांगणार नाही म्हणून सही घेतली माझ्याकडून. तुझ्या दारावर नजर होती, मी येणार कशी? तीन महिने झोप नाही. तुझं वर्ष भरेल आणि तू नावं खोडशील, याच धास्तीत होते."

"ताई, माझ्यामुळे–"

"रडू नकोस, मूर्ख! रडायचं असेल तर घरी जाऊन रड. आणि ऐक. एक अक्षर बदलायचं नाही. स्वल्पविरामसुद्धा नाही."

त्याच आठवड्यात टाइपरायटर पोलीस ठाण्यावर न्यायची पाळी होती. दरवर्षी मशीन घेऊन जायचं, सगळी अक्षरं उमटवून नमुना द्यायचा, म्हणजे कोणता कागद कुणाच्या मशीनवरचा ते पोलिसांना ओळखता येई. टेबलामागच्या साहेबानं कागद घेतला, फुंकर मारली आणि अदबीनं विचारलं, "नवीन काही लिहिताय का, बाई? की जुनंच सुधारताय?"

"सुधारण्यासारखं काही नाही, साहेब," व्हेतुरिया म्हणाली.

"वा! एका झटक्यात बरोबर. फार थोड्यांना जमतं."

बासन पुन्हा बटाट्यांखाली गेलं. एकशे बारावं पान सुलटं, गाठ उजवीकडे, त्यांनी ठेवली होती तशीच. रात्रंदिवस तिला नवी वाक्यं सुचत. नदीच्या प्रसंगात एक शब्द चुकीचा पडला होता आणि तो तिला दाढेसारखा ठणकायचा. पण तिनं पेन्सिलींची टोकं मोडली आणि त्या चुलीत टाकल्या.

पुढच्या जानेवारीत ती तळघरात उतरली. गाठ डावीकडे होती.

तिथंच पेटीवर बसून, दिव्याखाली, तिनं सबिनाचं नाव मोजायला घेतलं. कुणी खोडलं तर नाही, ताईला अडकवायला कुणी मुद्दाम बदललं तर नाही, याची भीती आता तिला होती. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. शेवटची काही पानं तिनं सावकाश उलटली. एकतिसावं सापडलं, तेव्हा जे नाव पुसायला ती गेल्या वर्षी बसणार होती त्याच्यावर तिनं ओठ टेकले आणि दोरा बांधला, गाठ डावीकडे ठेवून.