ग्रहणातली वांगी
ग्रहण लागलं की मला माझा भ्याडपणा आठवतो. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात जीवशास्त्र शिकत होतो, तेव्हा माझी थोरली बहीण, आक्का, आमच्या गावी, साखऱ्याला, माहेरी बाळंत झाली. लेकराचा ओठ जन्मतःच दुभंगलेला होता. ओव्याच्या धुरीनं कोंदलेल्या खोलीत तिची सासू म्हणाली, "देव बराबर घडवून राहिला व्हता. हिनंच गिऱ्हानात विळीवर वांगी चिरली. ऱ्हाऊ द्या हिला माहेरीच." आक्का ताडकन उठून बसली. "घडवणारा देव असंल, तर चूक त्याची. कुणीच घडवत नसंल, तर चूक कुणाचीच न्हाई. माझ्या माथी काहून?" मग ती माझ्याकडं वळली. "तू शिकून राहिला ना? सांग." गर्भात ओठ दोन्हीकडून सरकत येऊन जुळतो, कधी जुळत नाही, उत्क्रांतीतून आलेली ही रीत बिनचूक नसते, हे मला पाठ होतं. पण यानं देव नाकारला असं गावानं म्हणू नये, म्हणून मी खाली बघत राहिलो. सासू तिला न घेताच गेली आणि आक्का पुन्हा कधी सासरी नांदली नाही. तेव्हापासून दर ग्रहणात ती गल्लीसमोर ओट्यावर बसून वांगी चिरते. परवाच्या ग्रहणात मी पहिल्यांदा तिच्याजवळ बसलो, विळी माझ्याकडं ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आक्का, तवा मला ठाऊक व्हतं. तरी मी बोललो न्हाई. चुकलं माझं."