फोटोतलं नॉर्मल डोकं

शाहूपुरीतल्या एका स्कॅन सेंटरच्या काउंटरवर मी अठरा वर्षं काढली. अशा जागी किस्से जमवावे लागत नाहीत, तेच अंगावर येतात. घरी सांगितले की सगळे पोट धरून हसतात. मला मात्र अजून वैताग येतो, कारण त्यातले निम्मे घोळ एकाच शब्दाने घातलेत. तो शब्द म्हणजे 'नॉर्मल'.

*

नव्वदच्या दशकात सीटी स्कॅन कोल्हापुरात नवाच होता. लोक त्याला डोक्याचा फोटो म्हणायचे. एकदा उचगावचे दोन भाऊ एकाच स्कूटरवरून पडून आले. दोघांच्याही कपाळावर टेंगूळ. मी दोन फॉर्म पुढे केले, तर थोरला म्हणाला, "दोन कशाला? गाडी एक, खड्डा एक. ह्याचाच काढा, मला बी तोच चालतोय की."

मी समजावत बसले. शेवटी धाकटा कंटाळून म्हणाला, "मग त्याचाच काढा. तो पुढं बसलता."

*

गडहिंग्लजहून एक पेशंट आला, तो जीपभर नातेवाईक घेऊन. पायरीवरून घसरून डोकं आपटलेलं, पण माणूस शुद्धीवर, चहा पीत बसलेला. रिपोर्ट आला. मी आनंदाने सांगितलं, "काही नाही सापडलं, नॉर्मल आहे."

जीपभर चेहरे पडले. त्यांचा मामा पुढे आला. "न्हाय म्हंजे? एवढ्या लांबनं आलोय बाई, परत एकदा नीट बघा की."

*

एक मास्तर होते. शाळेच्या व्हरांड्यात पडले, स्कॅन नॉर्मल. पुढे मुलांची नावं आठवेनात, फळ्यावर निम्मं गणित लिहून थांबायचे. पालक तक्रार घेऊन आले की मास्तर पिशवीतून फिल्म काढून खिडकीच्या उजेडात धरायचे. "बघा, काही दोष आहे का?" पालकांना काय कळणार? ते मान डोलवून जायचे.

ती फिल्म ते आमच्याकडे तीनदा विसरून गेले. तिसऱ्यांदा दारातूनच विचारलं, "बाई, माझं नॉर्मल डोकं इथं राहिलंय का हो?"

मी हसले. तेही हसले, पण त्यांचे डोळे भरून आलेले दिसले, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

*

आमचे डॉक्टर मोजकं बोलणारे. प्रत्येक रिपोर्टखाली इंग्रजीत एक ठरलेली ओळ लिहायचे. एकदा मी त्यांना तिचा अर्थ विचारला.

"फोटोत रक्तस्राव दिसतो, हाड मोडलं तर दिसतं. डोकं दुखतं, चक्कर येते, माणूस चिडतो, ते दिसेलच असं नाही. म्हणून लिहितो, की पेशंटलाही विचारा."

"मग हे मराठीत का नाही लिहीत?"

"मराठीत लिहिलं तर लोक वाचतील, आणि मलाच विचारत बसतील."

*

आता शिवाप्पाचं सांगते. घरचा धंदा गुळाचा. मार्केट यार्डात सौदे निघाले की बोली पुकारायचं काम त्याचं. आवाज असा, की शेवटच्या रव्यापाशी, म्हणजे गुळाच्या ढेपेपाशी, उभ्या माणसालाही ऐकू जावा. एक दिवस ट्रकचा फाळका डोक्याला लागला. मिनिटभर खाली बसला, पाणी प्यायला आणि पुन्हा पुकारायला उभा राहिला. संध्याकाळी उलटी झाली म्हणून आमच्याकडे आणला. स्कॅन नॉर्मल. "घरी जावा, काही नाही," हे मीच सांगितलं होतं.

तिथून त्याचं बिनसलं. सौद्याचा गलका सोसेना. बोली अर्ध्यावर विसरायचा. घरात ट्यूबलाइट लावली की डोळे झाकून घ्यायचा, पोरांवर खेकसायचा. त्याचे थोरले भाऊ, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, फिल्म काखेत मारून यार्डभर फिरायचे. "बघा, डोकं साफ हाय. नुसतं सोंग करतंय." यार्डातले लोक फिल्म उन्हात धरायचे, उलटी तर उलटी, आणि 'सोंगच' म्हणून परत द्यायचे.

असं वर्ष गेलं. नंतर गावात एमआरआय आला, तर अण्णांनी शिवाप्पाचा तोही काढून घेतला. तोही नॉर्मल. मग ते फिल्मचं पाकीट घेऊन आमच्या काउंटरवर आले, मागे शिवाप्पा आणि त्याची बायको गौरव्वा. शिवाप्पा आल्या आल्या भिंतीकडे तोंड करून बसला. आमचा पंखा करकर वाजत होता. मी तो बंद केला, आणि शिवाप्पा पहिल्यांदा माझ्याकडे बघून "बरं झालं" म्हणाला.

अण्णा म्हणाले, "बाई, दोन्ही फोटोंत काय न्हाय, असं मराठीत लिहून शिक्का मारा. उद्यापास्नं ह्याला सौद्यात उभा करतो. न्हाय उभारला, तर पेढीवर ह्याची जागा न्हाय."

मी म्हटलं, "अण्णा, फोटोत दिसत नाही म्हणजे त्रास नाही, असं नसतं."

"मग मशीन खोटं बोलतंय व्हय?"

अठरा वर्षांत इतकी चीड मला कधी आली नव्हती, आणि ती कोणावर काढावी तेही कळत नव्हतं. मागून गौरव्वा उठली. तोवर दिरासमोर तिने तोंडही उघडलं नव्हतं. डोक्यावरचा पदर नीट करत ती पुढे आली, काउंटरवरचं पाकीट उचललं आणि दोन्ही हातांनी अण्णांच्या हातात दिलं.

"भावजी, ह्यो तुमचा नॉर्मल भाऊ. उद्या ह्यालाच उभा करा सौद्याला. ह्यो माझा हाय, ह्याला मी माहेरी घेऊन जातो."

तिने शिवाप्पाचा दंड धरला आणि दोघं सावकाश पायऱ्या उतरून एसटी स्टँडकडे गेले. अण्णा पाकीट छातीशी धरून तिथेच उभे होते.