देवीलालचा टायर, पुष्पाचे पाय

पुसदहून डोंगरातल्या तांड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर कोणालाही विचारा, तो सांगेल, टायर जपावा तर देवीलाल राठोडानं. लोकांच्या मोटरसायकलचा मागचा टायर वीस-पंचवीस हजार किलोमीटरला चिकना होतो. देवीलालचा अडतीस हजारांवर गेला होता आणि अजून त्याच्या खाचांत नख रुतत होतं. पुसदच्या नाक्यावरचा पंक्चरवाला संघदीप नव्या गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवायचा, "हे पाहा, याले म्हणते टायर!" तेव्हा देवीलाल असा फुलायचा, की लेकरू बोर्डात पहिलं आलं असतं तरी एवढा फुलला नसता. पण तो टायर टिकला कोणाच्या जिवावर, हे मात्र एकानंही विचारलं नाही. त्याच्या बायकोच्या, पुष्पाच्या जिवावर. दुसऱ्या कोणाच्या?

आता सगळंच काही वेडेपणाचं नव्हतं, खोटं कशाला बोला. सकाळी टायर थंड असतानाच हवा पाहायची. वेगाचा काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही. ब्रेक करकचून दाबायचा नाही, लांबूनच गाडीचा वेग सोडून द्यायचा. गाडी उन्हात उभी करायची नाही. खाचांत अडकलेली गिट्टी रोज काढायची, आणि ती पुष्पाच्या केसांतला आकडा काढून घेऊनच काढायची. इथवर सगळं शहाणपणाचं. पण देवीलालच्या डोक्यात आणखी एक गोष्ट बसली होती. त्याचे बापजादे बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले. त्याचा आजा शंकरसिंग सांगायचा, चढ आला की लादलेल्या जनावरावर माणसानं बसायचं नाही, उतरून पायी चालायचं. तोच आपला धरम. बैल गेले, तांडा एका जागी बसला, शेती आली. देवीलाल मोटरसायकलवर साबण-बिस्किटांचे खोके बांधून तांड्यातल्या दुकानांना पोचवू लागला. धरम तेवढा राहिला. चढावर मागचा टायर सगळ्यात जास्त घासतो, म्हणजे आजा बरोबरच बोलला, असा त्याचा हिशेब. पण खोके काही दर चढाला सोडता येत नाहीत. मग उतरणार कोण?

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहिल्या चढाला त्यानं गाडी थांबवली आणि म्हणाला, "उतर." पुष्पाला वाटलं, गाडी बिघडली. ती उतरली, तर हा पठ्ठ्या भुर्रकन वर निघून गेला आणि माथ्यावर जाऊन थांबला. नवी नवरी हातभर चुडा घेऊन मागून चालत आली. आठ वर्षं झाली त्याला. तांड्यापासून पुसद बावीस किलोमीटर, वाटेत दोन लहान चढ आणि मग घाट, अलीकडून दोन किलोमीटर, पलीकडूनही तेवढाच. प्रत्येक चढाला ती उतरली. तो पुढं जायचा, आणि जाताना त्यानं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

तांड्याला एस.टी. नाही. फाटा पाच किलोमीटरवर, तिथून काळीपिवळी जीप, तीही भरली तर निघणार. म्हणजे बाहेर पडायचं तर देवीलालच्या मागं बसूनच. आणि देवीलाल विचारायचा, "काहून जायचं? काम काय हाय?" माहेरी कशाला, बाजारात कशाला, मैतरणीच्या लग्नाला कशाला? दर फेरीला रबर जातं. त्यांची सात वर्षांची लेक वर्षा पुसदच्या आश्रमशाळेत होती. दर महिन्याला भेटायला जाऊ, असं ठरलं होतं. ते दिवाळी आणि उन्हाळ्यावर आलं. पुष्पा कधी कधी आंगणात उभी राहून त्या घाटाकडं पाहायची आणि तिचा जीव अक्षरशः कोंडायचा. सांगायचं तरी कोणाला? नवरा दारू पीत नाही, हात उचलत नाही, आवाज चढवत नाही. सासू मानीबाई तर म्हणायची, "सोन्यासारखा माणूस भेटला तुले, आणखी काय पाह्यजे?" मार खाणाऱ्या बाईला निदान दाखवायला वळ तरी असतात. हिनं काय दाखवायचं, टायर?

पुष्पा बारावी शिकलेली. लग्नाआधी तिनं पुसदलाच दवाखान्यातल्या मदतनिसाचा सहा महिन्यांचा कोर्स केला होता. त्या जोरावर तिनं यंदा एका खाजगी दवाखान्यात विचारून ठेवलं, आणि एका शनिवारी तिथल्या कोकिळा मॅडमचा फोन आला. "सोमवारी नऊला ये. दिवसपाळी आहे. पण नऊ म्हणजे नऊ. आणखी एक मुलगी येणार आहे, जी वेळेवर येईल तिला घेईन." आश्रमशाळा त्या दवाखान्यापासून दोनच गल्ल्या पलीकडं. रोज संध्याकाळी पाळी सुटली की लेकीला पाहता येणार होतं. पुष्पाला रात्रभर झोप आली नाही.

तिचा बेत होता पहाटे पायीच फाट्यावर जायचा आणि पहिली काळीपिवळी धरायची. पण देवीलाल आपणहून म्हणाला, "पायी कायले जाते? मी सोडून देतो ना! मी कधी नाई म्हणलं का तुले?" खरंच, नाही तो कधी म्हणत नसे. तिला इतकं बरं वाटलं, की तिनं फाट्याचा बेत सोडून दिला. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय!

सोमवारी सहाला ती तयार होऊन दारात उभी. देवीलालनं पंप काढला. हवा पाहिली, थोडी भरली, पुन्हा पाहिली. मग आकडा मागून घेतला आणि गिट्टी काढत बसला. "अवो, उशीर होऊन राह्यला," ती म्हणाली. "झालंच," तो म्हणाला. निघायला साडेसात झाले. पहिल्या चढाला ती उतरली, दुसऱ्या चढाला उतरली. घाटाच्या पायथ्याशी मोबाइलमध्ये पाहिलं तर आठ वाजून वीस मिनिटं.

"आज नका उतरवू मले," ती म्हणाली. "एक दिवस. तुमच्या पाया पडते."

"अवं, घाटातच त सगळा टायर जाते. आठ वर्षं नाई उतरवली का? मंग आजच काय झालं?"

"आज मले नऊले पोचायचं हाय!"

"पोचतो ना. तू पाय उचल फक्त."

वाद घालण्यात आणखी पाच मिनिटं गेली असती. ती उतरली आणि पदर खोचून धावत सुटली. दोन किलोमीटरचा चढ, पायात चप्पल. छाती भरून आली की चालायची, पुन्हा पळायची. माथ्यावर पोचली तेव्हा डोळ्यांपुढं अंधारी आली होती. देवीलाल सावलीत बसून टायरवरून अंगठा फिरवत होता. तिला पाहून तो कळवळलाच. "घाम पाह्य किती आला तुले! हळू यायचं ना." आणि तो हे मनापासून बोलला, हीच तर पंचाईत!

उतारावरही त्यानं काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. दवाखान्याच्या पायऱ्या ती चढली तेव्हा नऊ वीस झाले होते. आत एक तरणी पोरगी निळा कोट घालून एका म्हातारीचं बी.पी. मोजत होती. कोकिळा मॅडमनी घड्याळाकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मी नऊ म्हटलं होतं, पुष्पा." नवऱ्यानं घाट पायी चढायला लावला, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मॅडमना तिची दया आली असावी. "रात्रपाळी रिकामी आहे," त्या म्हणाल्या. "पण इथंच मागच्या खोलीत राहावं लागेल, येऊन-जाऊन जमणार नाही. संध्याकाळपर्यंत सांग." पुष्पानं तिथल्या तिथं मान हलवली. "घर हाय मॅडम, सासू हाय. नाई जमणार." आणि ती खाली आली.

देवीलालनं तोवर साबणाचे दोन खोके आणून गाडीवर बांधले होते, रिकामं कायले जायचं म्हणून.

"झालं काम?"

"नाई. उशीर झाला."

"जाऊ दे. दुसरं भेटते."

"वर्षाले पाहून जाऊ का? इथंच त हाय शाळा."

देवीलालनं आभाळाकडं पाहिलं. "ऊन चढून राह्यलं. तापलेल्या डांबरावर टायर लवकर जाते. पुढच्या खेपेले पाहू."

पुष्पा खोक्यांपुढं उरलेल्या वीतभर जागेत बसली. डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पुढं बसलेल्या माणसाला ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबली. "उतर," तो म्हणाला. ती उतरली. गाडी वर निघाली, पहिल्या वळणाला दिसेनाशी झाली. त्यानं मागं पाहिलं नाही. पुष्पा तिथंच उभी राहिली. आपण इथून वर गेलो, की पुन्हा तोच तांडा, तेच आंगण, आणि मरेपर्यंत प्रत्येक चढाला उतरायचं, हे तिला एकदम लख्ख कळलं. ती वळली आणि पुसदच्या दिशेनं चालू लागली.

अर्ध्या तासानं फोन आला. "कुठवर आली वो? मी कवाचा वर बसून हाय."

"मी पुसदले चालली. दवाखान्यात रात्रपाळी हाय, तिथंच राहणार. वर्षाले रोज भेटणार."

पुष्पा थांबली. आता लपवायचं काय, ती वाट पाहत होती. "थांब, आलो" असं तो म्हणाला असता, तर ती थांबली असती. शिव्या दिल्या असत्या तरी कदाचित थांबली असती.

"मी आलो असतो खाली," देवीलाल शेवटी चाचरत म्हणाला, "पण मंग घाट पुन्हा चढा लागते. अन् गाडीवर दोन खोके हाय."

"नका येऊ," पुष्पा म्हणाली. "टायर घासते."