अंगठ्यांचं कापड

"नको, नको, सही नको. अंगठा द्या ना ताई."

मी पेन हातात घेतलं होतं. टेबलावर पांढरं मांजरपाटाचं कापड अंथरलेलं, कडेला शिक्क्याचं निळं पॅड. संस्थेचं ऑफिस नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर. त्या दिवशी सगळे बसलेले होते. आमचे सर, टायपिंगच्या बाई, कॉलेजच्या दोन मुली. आणि त्या चित्रकार मॅडम, ज्या दोन महिने आमच्याकडे राहून काम करायला आल्या होत्या.

मी म्हटलं, "मला सही येते."

एवढं बोलायला मला किती वेळ लागला ते मलाच माहीत. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही.

मॅडम गोड हसल्या. "येते हो, माहितीये मला. पण सही कोणाचीही असते. अंगठ्यात कसं, माणूस दिसतो."

मी सरांकडे बघितलं. सर माणसाच्या हक्कांवर गावोगाव बोलतात. मला वाटलं आता बोलतील. सरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"अहो, आपण चौथी पास आहात हे आम्हाला ठाऊक आहे. कापडाला कळायची काही गरज आहे का?"

सगळे हसले. मीही हसले. लिहायला लाज वाटते, पण हसले. पेन खाली ठेवलं आणि अंगठा पॅडवर दाबला. मॅडमनी माझा अंगठा त्यांच्या दोन बोटांत धरून कापडावर जरासा फिरवला, नीट उमटावा म्हणून.

अंगठा असाच धरून फिरवतात. माझा आधी एकदा फिरवलेला आहे.

आम्ही वाशीमकडचे, पोटासाठी पुण्याला आलेलो. शहराबाहेर मांजरी गावाला उसाच्या कडेनं आमची पत्र्याची वस्ती होती. आता तिथं बारा मजली इमारती आहेत. एक दिवस दुपारी, पुरुष कामावर गेलेले असताना, एक माणूस कागद घेऊन आला. म्हणाला, नळ येणार आहे. घरागणिक बाईचा एक अंगठा लागेल. मी म्हटलं, दाखवा, मला वाचता येतं. तो म्हणाला, "वाचत बसलीस तर पाणी दिवाळीला येईल." मागच्या बायका ओरडल्या, दे की लवकर. मी दिला. माझ्यामागे सगळ्यांनी दिले. कागदावर लिहिलं होतं की आम्ही राजीखुशीने जागा सोडतो आहोत.

सगळ्या वस्तीत वाचता येणारी बाई मी एकटी. आणि मी वाचलं नाही. पत्रे तोडले तेव्हा मला कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

संस्था तेव्हा आली. केस केली, थोडं पुढे दुसरी जागा मिळवून दिली. हे मी विसरलेली नाही. मी धुण्याभांड्याची कामं सोडून ऑफिसात चहाला लागले. पुढे संस्थेने कलाकार बोलवायला सुरुवात केली. दोन-दोन महिने मांजरीत भाड्याच्या घरात राहायचं, वस्तीत फिरायचं, त्यातून चित्र, गाणं, नाटक काहीतरी करायचं. त्याला ऑफिसात रेसिडेन्सी म्हणतात. आमच्या बायका मुक्काम म्हणतात. ते घर मी लावायची. कोणाला तिखट चालत नाही, कोणाला पंखा लागतो, कोण वस्तीत न विचारता फोटो काढतो, सगळं मी बघायची. कलाकाराला कोणाच्या दारात न्यायचं आणि कोणाच्या नाही, हेही मीच ठरवायची. तीन वर्षांनी सरांनी कागद दिला. त्यावर माझं नाव आणि पुढे समन्वयक. तो शब्द मी घरी जाऊन सहा वेळा वाचला.

आणि मी बायकांना सही शिकवली. कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या घरी, रविवारी. वर्गाचा नियम एकच होता, अंगठा द्यायचा नाही. सव्वीस जणी शिकल्या. सगळ्यांत उशिरा कौसामाय. साठीची, सोसायटीत जिने झाडते. तिला कौ जमायचा नाही. काना आणि वर दोन मात्रा. "हे तं म्हैस झाली वं," म्हणायची. अख्खा हिवाळा ती म्हैस काढत होती. बँकेत पहिली सही केली त्या दिवशी आमच्या घरी पाव किलो पेढे घेऊन आली.

तिच्याच दारात मी ते कापड घेऊन गेले.

मॅडमना चाळीस अंगठे हवे होते. सर म्हणाले, "बायका आपलं ऐकतात. आपण सांगितलं की झालं." मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हटलं तर काय करायचं? पुन्हा भांडी. नवऱ्याच्या पाठीचं दुखणं, मुलगी बारावीला. मी स्वतःला समजावलं की ही कला आहे, कागद नाही.

कौसामायने कापड बोटाने चाचपलं. "काऊन वं? पुन्हा नळ येऊन राहिला का?"

आजूबाजूच्या बायका खो खो हसल्या. मला हसू आलं नाही.

"नाही माय. चित्रासाठी आहे. प्रदर्शनात लावणार."

"मग सही करते न. मले येते."

"सही नको म्हणतात."

"वाचलं का तू, काय लिहेल हाय ते?"

"काही लिहिलेलं नाही. कोरं कापड आहे."

"कोरं हाय, त्याचंच तं भेव हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघत राहिली. "तू म्हणतं तं देते."

मी म्हटलं, दे.

तिने दिला. नंतर अंगठा दाराच्या उंबऱ्याला घासला, मातीत घासला, पदराला घासला. शाई लवकर जात नाही. त्या रविवारी वर्गाला कोणी आलं नाही. पुढच्या रविवारीही नाही. मी पाट्या पुसून ठेवल्या आणि सतरंजीवर एकटी बसून राहिले. वाटलं, जमिनीने गिळून टाकावं.

काल मला प्रदर्शनाच्या दालनात बोलावलं होतं. आज उद्घाटन आहे. मांजरीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस. कापड उंच भिंतीवर लावलेलं, वरून दिवे. एक्केचाळीस निळे अंगठे, माझा धरून. शेजारी पाटी, वर इंग्रजी, खाली मराठी. मी वाचते हे तिथं कोणाच्या लक्षात नव्हतं. मी हळू वाचते, ओठ हलवून.

'या एक्केचाळीस स्त्रियांना स्वतःचे नाव लिहिता येत नाही. अंगठा हाच त्यांचा आवाज.'

मी तीन वेळा वाचलं. वाटलं चुकले असेन.

तेवढ्यात सरांनी कागद पुढे केला. दालनाला लागतो म्हणाले. त्यावर होतं की सर्व स्त्रियांना या कामाचा अर्थ समजावून सांगितला आहे आणि त्यांची संमती आहे. खाली रेघ, आणि रेघेखाली समन्वयकाची सही.

मी कागद पूर्ण वाचला. सर पेन धरून उभे होते.

"सर, हे खोटं आहे."

"काय खोटं?"

"आम्हाला सही येते. सव्वीस जणींना येते. मला येते. भिंतीवर 'येत नाही' असं लिहिलंय."

मॅडम जवळ आल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ताई, ते तसं शब्दाला धरून नाही घ्यायचं. ते प्रतीक आहे. आणि सगळ्यांना कुठे येते?"

"ज्यांना येत नाही त्यांनाही विचारलेलं नाही, की असं लिहू का म्हणून."

"अहो, उद्या उद्घाटन आहे," सर म्हणाले. "व्याकरण परवापासून शिकू आपल्याकडून. सही करा."

"मी करणार नाही."

सर म्हणाले, "मग काय, अंगठा देता?"

कोणीतरी हसलं. या वेळी मी हसले नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्याची मला चीड येत होती. पण हात मी पाठीमागे धरून ठेवले. दोन्ही.

"नाही," मी म्हटलं. "सही नाही आणि अंगठाही नाही."

"बरं. मुक्कामाची चावी टेबलावर ठेवा. घरी निवांत विचार करा. वेळ आता भरपूर मिळेल आपल्याला."

मी चावी ठेवली. माझ्यासमोर टायपिंगच्या बाईंनी त्या रेघेवर सही केली. त्या वस्तीत एकदाही आलेल्या नाहीत. मान खाली घालून केली, एवढंच.

म्हणजे काही थांबलं नाही. कापड भिंतीवर आहे. नोकरी गेली. पोरीला अजून सांगितलेलं नाही. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. वस्तीत सांगताना काही गाळू नये म्हणून लिहिते आहे.

पाटीवरची दोन वाक्यं मी बसच्या तिकिटामागे उतरवून आणली आहेत. आता उठून वस्तीत जाणार. कौसामायपासून सुरुवात करणार. ती वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवणार, आणि सांगणार की अंगठे मी गोळा केले, मी फसवलं, दुसऱ्या खेपेला फसवलं. त्या मला शिव्या देतील. माय तोंडावर दार लावील. लावू दे. बाहेरून वाचीन. माफी मागणार नाही, ती मागायचा मला हक्क उरलेला नाही.

उद्घाटन पाच वाजता आहे. ज्या येतील त्यांना घेऊन जाईन. कोणी आलं नाही तर एकटी जाईन. पाटीसमोर उभी राहून येईल त्याला सांगेन की हे खोटं आहे. आणि कापड खाली उतरेपर्यंत तिथून हलणार नाही.